यादी लिहिणारा हात

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की चकलीच्या पहिल्या तुकड्याबरोबर राजकारण निघते. कोण मुख्यमंत्री होणार, कोणाचे खाते जाणार, कोण कोणाचा काटा काढणार, ही चर्चा चिवडा संपेपर्यंत रंगते. सत्ता खुर्चीत असते, एवढे मात्र त्या चर्चेत सर्वांनी गृहीत धरलेले असते. मी मराठीचा मास्तर. राजकारणातले फार कळते असा माझा दावा नाही. पण शब्दांशी माझी रोजची ओळख आहे, आणि शब्द याबाबत निराळीच साक्ष देतात.

आपली आडनावेच पाहा ना! चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, दप्तरदार, फडणीस. ही सारी एके काळची लेखणीची आणि हिशेबाची पदे. राज्य गेले, गादी गेली. ही नावे मात्र दारावरच्या पाट्यांतून अजून टिकून आहेत. यांतला ‘फडणीस’ मला विशेष बोलका वाटतो. त्याचे मूळ फारसी रूप ‘फर्दनवीस’ असे सांगतात. फर्द म्हणजे यादी, हिशेबाचा ताव. नवीस म्हणजे लिहिणारा. सरळ मराठीत, यादी लिहिणारा!

या यादी लिहिणाऱ्याने काय करून दाखवले, ते बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे आपले नाना फडणीस, यांच्या चरित्रात दिसते. १७६१ साली पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्या या तरुणाची ख्याती तलवारीसाठी कधीच नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर आले. पण सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, नाना आदी मंडळींनी बारभाईंचे कारस्थान रचले, आणि १७७४ साली नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांना चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. गादीवर पाळण्यातले मूल, आणि राज्य चालते आहे! खुर्ची आणि सत्ता या दोन वेगळ्या वस्तू असल्याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

राज्य चालत होते ते दप्तरातून. कोणत्या सरदाराला सरंजाम किती, त्यावर फौज किती ठेवायची, वसुलाची बाकी कोणाकडे, इनाम कोणाला, याच्या नोंदी हुजूर दप्तरात असत आणि त्या दप्तरावर हुकमत फडणिसांची. हजारो घोडा बाळगणाऱ्या सरदारालाही आपला हिशेब मंजूर व्हावा म्हणून पुण्याकडे डोळे लावावे लागत.

पण नुसत्या यादीने भागत नाही, हेही नानांच्याच चरित्रात दिसते. १७९४ साली महादजी शिंदे गेले, हरिपंत फडके गेले; १७९५ साली सवाई माधवराव गेले. यादीमागे उभी राहणारी फौज आणि माणसे सरली. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या फौजेतील एका फिरंगी सरदाराने नानांना कैद केले. पुढे सुटका झाली, पण पूर्वीचे बळ परत आले नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले.

कोणी म्हणेल, मास्तर, ही बखरीतली गोष्ट झाली. तर आता आपल्या काळाकडे येऊ. १९५० साली नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचे अर्थशास्त्र, असा तो योग होता. सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवणे हा त्यामागचा हेतू, आणि पुष्कळ अंशी तो सफळही झाला. पुढे असे कारखाने जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. गावची सोसायटी, कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि मग विधानसभा, असा पुढारीपणाचा जिना बांधून तयार झाला.

या जिन्याची सर्वांत मजबूत पायरी कोणती? तोडणीची यादी! ऊस पिकला की वेळेवर तुटला पाहिजे. उभा राहिला तर वाळतो, वजन घटते, साखर उतरते. कोणाचा ऊस आधी आणि कोणाचा मागून, हे ठरवणाऱ्या संचालकाला मते मागताना फार बोलावे लागत नाही. विरोधात गेलेल्याचा ऊस माघापर्यंत वाऱ्यावर डुलत राहिला, तर शेजारचे दहाजण आपोआप शहाणे होतात. कर्ज, नोकरी, मुलाचा कॉलेजप्रवेश, या आणखी याद्या.

शहरात ऊस नाही, पण याद्या आहेतच. निवडणुकीत मत आपण देतो. परंतु ज्यांतून निवडायचे ती उमेदवारांची यादी आपल्याआधी कोणीतरी लिहिलेली असते. एबी फॉर्मसाठी रात्र रात्र जागणारे इच्छुक मतदाराच्या दारात नव्हे, त्या लिहिणाऱ्याच्या दारात उभे असतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण कोणाचे ते ठरवताना मुख्यत्वे आमदार-खासदार कोणाकडे किती, हे मोजले. म्हणजे पुन्हा यादीच! मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई आणि पुण्याच्या महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नाहीत, महापौर नाही. तरी कर वसूल होत होता, निविदा निघत होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, दप्तर चालू होते.

आमच्या घरीही कुटुंबप्रमुख म्हणून रेशनकार्डावर कोणाचेही नाव असो, महिन्याच्या किराण्याची यादी जिच्या हातची तिचे राज्य! ते राज्य गुण्यागोविंदाने चालते याचे कारण एवढेच, की यादी स्वयंपाकघराच्या दाराला सर्वांना दिसेल अशी टांगलेली असते.

राज्यकारभारातली मेखही नेमकी इथेच आहे. यादी कोणीतरी लिहिणारच. ती झाकलेली आहे की उघडी, हा खरा प्रश्न. हे आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांच्या आधी राजस्थानातल्या खडी फोडणाऱ्या मजुरांनी ओळखले. मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या आणि गावकऱ्यांसमोर हजेरीपट मोठ्याने वाचले. कामावर कधी न आलेल्यांची नावे त्यांत निघाली. आपल्याकडे अण्णा हजारे यांनी हाच आग्रह धरला. त्यातूनच २००५ चा माहितीचा अधिकार आला. आज दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी दप्तराला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नानांच्या काळी मातब्बर सरदारालाही हा हक्क नव्हता.

आणि आपण काय करतो? सोसायटीची वार्षिक सभा असली की नेमके त्याच दिवशी लग्न निघते. हिशेबाचे पत्रक न वाचता रद्दीत जाते. मतदारयादी हरकतींसाठी लागते तेव्हा कोणी फिरकत नाही. मतदानाच्या दिवशी नाव सापडले नाही, की मग लोकशाहीच्या नावाने खडे फोडतो. खुर्चीवर कोण बसतो यावर खुशाल वाद घाला. फराळाला चव येते. पण पाडव्याला नव्या वह्यांची पूजा होईल, तेव्हा एवढे ठरवू या, की वर्षातून निदान एकदा आपल्या गल्लीची, सोसायटीची, प्रभागाची वही उघडून पाहायची. पूजा झाली तरी वही वाचायची राहतेच.