करांचे नवे दर आणि शेतकऱ्याचें बिल

वस्तु व सेवा कराच्या दरांत ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या सालच्या घटस्थापनेच्या दिवसापासून, मोठा फेरबदल झाला, हें वाचकांच्या कानांवर गेलेंच असेल. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला. परंतु त्यांतील बहुतेक मजकूर शहरांतील गिऱ्हाइकाच्या सोयीनें लिहिलेला होता. साबण, मोटारी, विमा यांचे आंकडे त्यांत ठळक अक्षरांत सांपडतात. ठिबकाची नळी आणि ट्रॅक्टरचें टायर यांचें काय झालें हें मात्र शोधून काढावें लागतें. शिवाय हा कर आपणांस लागूच नाहीं असें समजून स्वस्थ बसणारे शेतकरी बंधूही थोडे नाहींत. सबब या विषयाची थोडी फोड शेतकऱ्याच्या बाजूनें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम तो गैरसमज घेऊं. 'आम्ही शेतकरी, आम्हांस जीएसटी नाहीं' हें वाक्य अर्धेंच खरें आहे. जो इसम किंवा जें अविभक्त हिंदु कुटुंब स्वतःच्या अगर घरच्या माणसांच्या मेहनतीनें, किंवा मजूर लावून पण जातीच्या देखरेखीखालीं, जमीन कसतें, त्यास या कायद्यानें शेतकरी म्हटलें आहे. अशा शेतकऱ्यानें आपल्या जमिनींत पिकलेला माल विकल्यास, विक्री कितीही लाखांची असो, त्यास करासाठीं नोंदणी करावी लागत नाहीं. ही मोकळीक लहान नव्हे. परंतु तिला दुसरी बाजू आहे. ज्याची नोंदणी नाहीं त्यास खरेदीच्या वेळीं दिलेल्या कराची वजावट मिळत नाहीं. व्यापारी माल घेतांना जो कर देतो, तो पुढें माल विकतांना वसूल केलेल्या करांतून वळता करून घेतो. कारखानदारही तेंच करतो. शेतकरी मात्र या साखळीच्या अगदीं शेवटच्या कडीला उभा असतो, आणि त्यास तो कर पुढें कोणावरही टाकतां येत नाहीं. ट्रॅक्टर, औषधें, पाइप यांवर दिलेला कराचा प्रत्येक रुपया त्याच्या पिकाच्या खर्चांत कायमचा मुरतो.

महसूल खात्याच्या कारकुनींत माझीं बरींच वर्षें गेलीं. शेतसाऱ्यांत दोन रुपये अधिक लागले तरी खातेदार चावडीवर येऊन हिशेब मागे, पावती उलटून पालटून पाही. तोच खातेदार दुकानीं जाऊन पन्नास हजारांचा माल घेतो, त्यांत सरकारचे किती व दुकानदाराचे किती हें विचारीत नाहीं, आणि कोऱ्या कागदावर लिहिलेली रक्कम मोजून देतो. सारा उघड मागितला जातो. हा कर किंमतीच्या पोटांत बसून येतो, एवढाच काय तो फरक. म्हणूनच दर उतरल्याचा लाभ शेतकऱ्याच्या घरीं आपोआप चालत येईल असें धरून चालूं नये.

आतां बदल काय झाला तो पाहूं. १ जुलै २०१७ रोजीं हा कर सुरू झाला तेव्हां शेंकडा ५, १२, १८ व २८ असे चार मुख्य दर होते. वस्तु व सेवा कर परिषदेच्या ता. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं दिल्ली येथें भरलेल्या ५६ व्या बैठकींत यांतील १२ व २८ हे दोन दर काढून टाकून ५ व १८ हे दोनच मुख्य दर ठेवण्याचें ठरलें, आणि चैनीच्या व अपायकारक मालासाठीं ४० चा वेगळा दर करण्यांत आला. शेतकीच्या उपयोगाचा पुष्कळसा माल जुन्या १२ च्या घरांत होता. तो ५ वर आला. ट्रॅक्टर, नांगरट व मशागतीचीं यंत्रें, पेरणीचीं, कापणीचीं व मळणीचीं यंत्रें, ठिबक सिंचनाचे संच व त्यांच्या लॅटरल नळ्या, तुषार सिंचनाचीं साधनें, फवारणीचीं यंत्रें आणि १५ अश्वशक्तीपर्यंतचीं डिझेल इंजिनें हीं सर्व १२ वरून ५ वर आलीं. (मोठ्या इंजिनाच्या, रस्त्यावर ट्रेलर ओढणाऱ्या ज्या ओढगाड्या असतात त्या यांत मोडत नाहींत.) ट्रॅक्टरचीं टायरें व ट्यूब आणि त्याचे गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर यांसारखे कित्येक नेमून दिलेले भाग १८ वरून एकदम ५ वर उतरले. जुना ट्रॅक्टर चालू ठेवून दिवस काढणाऱ्यास नव्या ट्रॅक्टरवरील सवलतीपेक्षां हीच सवलत अधिक उपयोगाची आहे, असें माझें मत आहे. परंतु तिची चर्चा सर्वांत कमी झाली. दूध घालणाऱ्यांस सांगण्यासारखें म्हणजे लोखंडी, पोलादी व अॅल्युमिनियमचे दुधाचे कॅनही १२ वरून ५ वर आले आहेत.

औषधांच्या बाबतींत मात्र काळजीनें वाचावें. ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास, ब्युव्हेरिया, घाटे अळीचा विषाणु, कडुनिंबापासून केलेलीं औषधें अशीं जीं जैविक कीडनाशकें नांवानिशीं यादींत घातलीं आहेत, त्यांवरील कर १२ चा ५ झाला. खत नियंत्रण हुकूम, १९८५ याच्या परिशिष्टांत बसणारीं आणि त्या हुकुमाखालीं नोंदलेल्या कारखान्यांनीं केलेलीं सूक्ष्म अन्नद्रव्यें हींही ५ वर आलीं. परंतु रासायनिक कीटकनाशकें, बुरशीनाशकें व तणनाशकें पूर्वींप्रमाणेंच १८ वर आहेत. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागाइतदाराचा औषधांचा खर्च ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही गोष्ट खटकल्याविना राहणार नाहीं. विहिरीवरचा विजेचा पंप, मग तो पाण्यांत बुडणारा असो वा काठावरचा, १२ वरून १८ वर गेला तो जुलै २०२२ मध्यें. तो खालीं आलेला नाहीं. सुटे विकत घेतलेले पीव्हीसी पाइप १८ वरच आहेत. रासायनिक खतांवर २०१७ पासून ५ आहे व तोच कायम आहे. बियाणें, जनावरांचें खाद्य, आणि कुदळ, खुरपें, विळा यांसारखीं हातानें वापरावयाचीं अवजारें यांवर पूर्वींही कर नव्हता, आतांही नाहीं. डिझेल तर या करांतच येत नाहीं. त्यावर केंद्राचें उत्पादनशुल्क व राज्याचा विक्रीकर निराळे लागतात. म्हणून ट्रॅक्टर स्वस्त झाला तरी त्याच्या टाकींत जें ओतावयाचें त्यावर या बदलाचा कांहीं परिणाम नाहीं.

दर १२ चा ५ झाला म्हणजे किंमत शेंकडा ७ नें उतरेल असें पुष्कळजण समजतात. तसें नाहीं. कर मूळ किंमतीवर लागतो. एक लाख मूळ किंमतीचा ठिबक संच पूर्वीं करासह १,१२,००० रुपयांस पडे. तो आतां १,०५,००० रुपयांस पडला पाहिजे. सात हजार वांचले, पण जुन्या पूर्ण किंमतीशीं तीं सव्वासहा टक्केच होत. टायरांचा हिशेब याच रीतीनें केला तर जुन्या पूर्ण किंमतींत शेंकडा ११ ची उतार दिसली पाहिजे. सहा लाख मूळ किंमतीच्या ट्रॅक्टरवर ४२,००० रुपये कमी होतात.

पण हें 'झालें पाहिजे' आणि होतें यांत अंतर असतें. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास माझा पुतण्या ट्रॅक्टरचीं मागचीं दोन टायरें घेण्यास तालुक्याच्या गांवीं गेला. दुकानदारानें ५९,००० रुपये सांगितले. दर उतरल्याचें पुतण्यानें बोलून दाखविलें तेव्हां, 'हा जुना माल आहे, आम्हीं तो अठरा टक्के भरून घेतला आहे' असें उत्तर मिळालें, आणि बिचारा तें खरें मानून पैसे आणण्यासाठीं घरीं परतला. ही सबब टिकणारी नव्हती. विक्रीच्या दिवशीं जो दर चालू असेल तोच गिऱ्हाइकास लावावयाचा असतो. आणि दुकानदारानें आधीं भरलेला अठरा टक्के कर बुडत नाहीं, तो त्याच्या खातीं वजावटीस शिल्लक राहतो. दुसऱ्या दिवशीं मी बरोबर गेलों व पक्कें बिल करण्यास सांगितलें. बिलांत कर बरोबर अडीच अधिक अडीच, म्हणजे पांच टक्केच, लागला होता. परंतु आदल्या दिवशीं ५०,००० असलेली मूळ किंमत एका रात्रींत ५३,००० झाली होती! मिळून ५५,६५० रुपये. आम्हीं टायरें घेतलीं नाहींत. दुसऱ्या एका दुकानीं तींच टायरें ५०,००० मूळ व २,५०० कर अशा हिशेबानें ५२,५०० रुपयांस मिळालीं.

या गोष्टींतील दोन बाबी निरनिराळ्या आहेत. पांचाच्या जागीं अठरा टक्के लावणें ही कायद्याची उघड चूक आहे, आणि ती बिलावरून सिद्ध करतां येते. मूळ किंमत वाढविणें हें तितकें सरळ नाहीं. करकपातीचा लाभ गिऱ्हाइकास दिलाच पाहिजे असें कलम कायद्यांत आहे. परंतु त्याखालील नव्या तक्रारी घेणें ता. १ एप्रिल २०२५ पासून बंद झालें, आणि दर उतरले ते त्यानंतर. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर या कराविषयींच्या तक्रारी नोंदवून घेतल्या जातात, हा एक मार्ग उरतो. दुसरा मार्ग जुनाच आहे: कर वेगळा काढून नुसत्या मूळ किंमती दोन-तीन दुकानांतून ताडून पाहणें.

त्यासाठीं बिल वाचतां आलें पाहिजे. दोनशें रुपयांवरील विक्रीस नोंदणीकृत दुकानदारानें बिल दिलेंच पाहिजे. त्यावर त्याचा पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रांतील दुकान असल्यास त्याचा आरंभ २७ या आंकड्यानें होतो. कर दोन समान भागांत, एक केंद्राचा व एक राज्याचा, असा दाखविलेला असतो. ट्रॅक्टरच्या टायरापुढें ९ व ९ दिसले तर तेथेंच थांबावें. एकाच बिलांत ठिबकाचा संच, सुटे पीव्हीसी पाइप व पंप असतील तर प्रत्येकाची ओळ निराळी मागावी. सर्व माल एका ओळींत घालून त्यावर सरसकट १८ लावल्यास ठिबकावरील सवलत त्यांत बुडून जाते. कांहीं लहान दुकानदार ठोक कर भरण्याच्या योजनेंत असतात. त्यांनीं तसें बिलावर लिहावयाचें असतें, आणि गिऱ्हाइकाकडून कर म्हणून वेगळी रक्कम घेण्याचा त्यांस अधिकार नाहीं.

भाड्यानें आणलेल्या मळणीयंत्राचें किंवा शेतकीच्या इतर यंत्रांचें भाडें, नांगरट-कापणीची मजुरी, शेतमाल सांठविणें, आणि बाजार समितींतील अडत्याची शेतमालावरील सेवा यांवर हा कर नाहीं. अडत्याच्या पट्टींत अडतीवर जीएसटी लावलेला आढळल्यास त्याचें कारण विचारावें.

आतां विक्रीची बाजू. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्यानें घेतलेल्या कच्च्या कापसावरील ५ टक्के कर त्या व्यापाऱ्यानेंच सरकारांत भरावयाचा आहे, आणि त्याची वजावटही त्यालाच मिळते. जिनिंगच्या पावतींत 'जीएसटी वजा' अशी ओळ असल्यास ती शेतकऱ्याच्या नांवची नव्हे. कोंकणांतील न सोललेल्या काजूबियांसही हाच नियम आहे.

बेदाण्याविषयीं सांगली व नाशिककडील बागाइतदारांत बराच काळ घोळ होता. द्राक्ष हा शेतमाल, परंतु वाळवून बेदाणा केल्यावर तो शेतमाल राहतो काय, असा प्रश्न होता. परिषदेच्या ता. २१ डिसेंबर २०२४ रोजीं जैसलमेर येथें झालेल्या बैठकींत, आणि त्यानंतर ता. १४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानें, शेतकऱ्यानें स्वतः विकलेल्या बेदाण्यावर त्यास कर भरावा लागत नाहीं असें स्पष्ट झालें. तोच बेदाणा व्यापाऱ्यानें घेऊन पुढें विकला म्हणजे त्यावर ५ टक्के लागतात.

ही मोकळीक मात्र वर सांगितलेल्या 'शेतकरी' या व्याख्येपुरतीच आहे. शेतकऱ्यांनीं मिळून काढलेली उत्पादक कंपनी किंवा सोसायटी ही इसमही नव्हे व कुटुंबही नव्हे. ती केवळ सुटें धान्य विकत असेल तर त्यावर करच नसल्यामुळें नोंदणीचा प्रश्न येत नाहीं. पण धान्य, डाळ, पीठ किंवा गूळ यांचे २५ किलोपर्यंतचे नांव छापलेले पुडे बांधून विकूं लागल्यास १८ जुलै २०२२ पासून त्यांवर ५ टक्के कर आहे. येथें पुष्कळ संस्थांची चूक होते. महाराष्ट्रांत मालाच्या विक्रीस नोंदणीची मर्यादा वर्षास ४० लाख रुपये आहे. परंतु ही रक्कम मोजतांना करमाफ मालाची विक्रीही धरावयाची असते. एखाद्या कंपनीनें वर्षांत ४३ लाखांची सुटी तूर विकली आणि दोनच लाखांचे डाळीचे पुडे विकले, तर तिची विक्री ४५ लाख धरली जाते व तिला नोंदणी करावी लागते. कर भरावयाचा तो पुड्यांच्या दोन लाखांवरच. पुडे परराज्यांत पाठवावयाचे असल्यास ४० लाखांची सवलतही नाहीं. नोंदणीची धास्ती घेण्याचें कारण मात्र पूर्वींइतकें राहिलेलें नाहीं. नोंदणीकृत व्यापाऱ्यांस केलेल्या विक्रीवरील ज्यांचा कर महिन्यास अडीच लाखांच्या आंत राहील अशा अर्जदारांस ता. १ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या तीन दिवसांत नोंदणी देण्याची सोय झाली आहे. आणि एकदां नोंदणी झाली म्हणजे पुड्यांसाठीं घेतलेल्या पिशव्या व शिलाई यंत्र यांवर दिलेला कर, करपात्र मालाच्या प्रमाणांत, कंपनीस वजा मागतां येतो.