मशेरी, बार आणि व्हेप : निकोटिनचा रक्तातील साखरेवर परिणाम

तंबाखूतील निकोटिन कोणत्याही वाटेने शरीरात गेले, तरी त्याचा कल रक्तातील साखर वाढवण्याकडेच असतो. विडी-सिगारेटचा धूर, गालात धरलेला तंबाखूचा बार, हिरड्यांना लावलेली मशेरी आणि बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, या साऱ्यांत निकोटिन हा समान घटक आहे. मधुमेह असलेल्या माणसाची शुगर आटोक्यात येईना, की घरात भाकरी, भात आणि चहातली साखर मोजली जाते, गोळ्या वाढवल्या जातात. खिशातली पुडी मात्र या हिशेबात सहसा येत नाही. ती यायला हवी.

मधुमेह आता घरोघरी पोचला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. तंबाखूचे चित्रही तितकेच मोठे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. त्यांत धूर ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे. धूम्रपान आणि मधुमेह यांविषयीची जी माहिती सर्वत्र छापली जाते, ती वाचून इथला माणूस सहज म्हणतो, ‘आपण कुठे सिगारेट ओढतो?’

उदाहरण म्हणून आष्टा पाहू. हे सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचे, वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातले नगरपरिषदेचे गाव. विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेली निपाणीची बाजारपेठ इथून फार लांब नाही. या सगळ्या टापूत तंबाखूची मुख्य रूपे तीन. शेतकरी-कष्टकरी पुरुष तळहातावर तंबाखूत चुना मळून बार भरतात. पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला मावा मिळतो. आणि अनेक घरांत, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, मशेरी चालते. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, गार झाली की कुटून बारीक पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर बोटाच्या टोकाने ती दातांना आणि हिरड्यांना लावायची. दात दुखतो म्हणून सुरू झालेली ही सवय पुढे दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, कामात लक्ष लागत नाही, अशा तक्रारी ऐकू येतात. त्या निकोटिनच्या व्यसनाच्याच खुणा आहेत.

दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, की मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते. ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी मशेरी ही दात घासायची वस्तू असते. म्हणून मधुमेहाच्या तपासणीत मशेरीबद्दल वेगळे विचारायला हवे. ते विचारले जात नाही, ही आपल्याकडच्या मधुमेह-उपचारातली मोठी त्रुटी म्हणावी लागेल.

निकोटिन साखर कशी वाढवते, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. रक्तात शिरलेले निकोटिन मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि त्यांतून अॅड्रेनॅलिन स्रवते. शरीराला वाटते, काही संकट आले आहे. यकृत आपल्याकडे साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्याच वेळी चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायूंवरचा इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. इन्सुलिन असते, पण त्याचे काम नीट होत नाही. टाइप २ मधुमेहाच्या मुळाशी हाच प्रतिरोध असतो. त्यामुळे निकोटिन नेमके आधीच दुबळ्या झालेल्या जागी घाव घालते.

धुराचा भाग वगळून निकोटिनचा एकट्याचा परिणाम तपासण्याचे काम स्वीडनमध्ये चांगले झाले आहे. गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००१ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही गटांतील मोजक्या व्यक्तींना शिरेतून निकोटिन दिले. निरोगी गटात इन्सुलिनच्या कामावर लक्षणीय फरक दिसला नाही. मधुमेही गटात मात्र ते स्पष्टपणे मंदावले. त्याआधी १९९६ मध्ये, सिगारेट सोडून दीर्घकाळ निकोटिनचा च्युइंगम चघळत राहिलेल्यांमध्येही इन्सुलिन-प्रतिरोध जास्त आढळला होता. आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल तो ‘स्नूस’चा अभ्यास. स्नूस ही स्वीडनमधली ओठाखाली धरायची ओली तंबाखू, म्हणजे बाराची भावकीच. तिथल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला सात किंवा अधिक डब्या संपवणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका स्नूस न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ६८ टक्के जास्त निघाला. पाच-सहा डब्यांवर तो सुमारे ४२ टक्के जास्त होता. कमी प्रमाणात घेणाऱ्यांमध्ये असा वाढीव धोका ठळक दिसला नाही. पण दिवसभर बार बदलत राहणारा माणूस कोणत्या गटात मोडतो, हे उघड आहे.

चुन्याचे काम इथे लक्षात घ्यावे. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या संगतीने तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या पातळ त्वचेतून चटकन रक्तात उतरते. सिगारेटचे निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते आणि त्याची पातळी लवकर उतरू लागते. बाराचे हळू चढते, पण तोंडात तंबाखू असेपर्यंत पातळी टिकून राहते. दिवसाचा एकूण हिशेब केला, तर तंबाखू चघळणाऱ्याच्या रक्तात सिगारेट ओढणाऱ्याइतकेच निकोटिन फिरत असते.

व्हेपमध्ये रसायनाचा हाच खेळ उलट्या दिशेने केलेला आहे. या उपकरणात एक बॅटरी, तापणारी तार आणि द्रवाची कुपी असते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. नव्या पिढीच्या कुप्यांमध्ये निकोटिनला बेंझोइकसारख्या आम्लाची जोड देतात. त्यामुळे घशाला ठसका लागत नाही आणि जास्त तीव्रतेचे निकोटिन सहज ओढले जाते. जूल या अमेरिकी कंपनीच्या एका कुपीतले निकोटिन कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे सिगारेटच्या एका पाकिटाइतके होते. आंबा, पुदिना, कलिंगड अशा चवींमुळे ते औषधी वाफाऱ्याइतके निरुपद्रवी वाटते, हा त्यातला सर्वांत मोठा धोका. या गोड चवीने रक्तातली साखर वाढत नाही, हे खरे. साखर वाढते ती निकोटिनमुळे.

ई-सिगारेट आणि मधुमेह यांविषयीचा पुरावा अजून पुरता पक्का नाही. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळातील सहा लाखांवर लोकांच्या माहितीवर आधारलेला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा अभ्यास २०२२ मध्ये आला. कधीही सिगारेट न ओढलेल्या, पण व्हेप वापरणाऱ्यांमध्ये मधुमेहपूर्व अवस्था जास्त प्रमाणात नोंदली गेली. मात्र ही एका वेळची पाहणी होती आणि माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली होती, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे तिच्यावरून ठरत नाही. इतर काही पाहण्यांत असा संबंध दिसलाही नाही. तरीही निकोटिनचा स्वतंत्र परिणाम ठाऊक असताना, मधुमेह असलेल्या माणसाने पुराव्याची वाट पाहत व्हेप ओढत राहावे, असे म्हणायला काहीही आधार नाही.

भारतात तर हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही मोठ्या शहरांत चोरून विक्री होते, आणि शिक्षणा-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणांच्या बॅगेतून ही वस्तू लहान गावांत यायला वेळ लागत नाही. चोरट्या मालावर कोणाची देखरेख नसते. ‘निकोटिनमुक्त’ असे छापलेल्या द्रवांतही निकोटिन सापडल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात नोंदली गेली आहेत. टाइप १ मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिनवर असलेल्या तरुणांच्या पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. निकोटिनने आणलेली धडधड, घाम आणि हातांचा कंप ही साखर एकदम खाली गेल्याचीही लक्षणे आहेत. एकाची दुसऱ्याशी गल्लत झाली, तर ते जिवावर बेतू शकते.

तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणे ही पळवाट कामाची नाही. तैवानमधील पाहण्यांत सुपारी चघळण्याचा आणि रक्तातील वाढलेल्या साखरेचा संबंध आढळला आहे. मावा आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा यांत तर दोन्ही एकत्र असतात.

मधुमेहाचे खरे नुकसान आकड्यात नसून रक्तवाहिन्यांत होते, आणि तिथे तंबाखूची भर पडते. साखरेने पायांच्या नसा बधिर होतात. निकोटिनने पायांपर्यंतचा रक्तपुरवठा आखडतो. उसाच्या रानात अनवाणी फिरताना धसकट लागले, तर ते कळत नाही, आणि कळल्यावर जखम भरत नाही. बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येते ती अशा जखमेतून. मशेरीने हिरड्या झिजतात. त्यांत जंतुसंसर्ग राहिला की शुगर वाढते, आणि शुगर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडे आणि दृष्टी यांवरील धोका विडी-सिगारेट ओढणाऱ्या मधुमेह्यांमध्ये अधिक असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी धूम्रपान करणाऱ्यांना अनेकदा जास्त डोस लागतो. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन रक्तात उशिरा उतरते, हे त्याचे एक कारण.

तंबाखू सोडल्यावर पुढे काय होते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. नाहीतर तो पहिल्याच तपासणीत निराश होतो. ब्रिटनमधील १०,६९२ मधुमेही धूम्रपान करणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सुमारे ०.२१ ने वाढलेला दिसला. पुढे तो उतरत जाऊन तीन वर्षांत धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या बरोबरीला आला. निकोटिन थांबले की भूक वाढते, तोंडाला काहीतरी लागते आणि वजन चढते. साखरेतली ही थोडी वाढ तात्पुरती असते. औषधाच्या डोसात बदल करून ती सांभाळता येते. हृदय आणि पाय यांचा फायदा मात्र कायमचा असतो. तोंडाचा चाळा म्हणून फरसाण किंवा गूळ-शेंगदाणे जवळ न ठेवता काकडी, बडीशेप, लवंग ठेवावी.

दुसरीकडे, निकोटिन सुटल्याने काहींमध्ये इन्सुलिन पुन्हा चांगले काम करू लागते आणि साखर खाली जाऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे ग्लुकोमीटरने नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासणी करावी. चिडचिड, घाम, थरथर ही तंबाखूची तलफही असू शकते आणि साखर उतरल्याची खूणही. यंत्र हाताशी असेल तर मोजून पाहावे. नसेल तर साखर खाणेच सुरक्षित.

निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक आठवडे वापरायला मधुमेह आड येत नाही. वर निकोटिनविषयी जे लिहिले आहे, ते या औषधांना घाबरण्यासाठी नव्हे. काही आठवड्यांचे मोजके, उतरत्या क्रमाचे निकोटिन हे आयुष्यभराच्या बारापेक्षा केव्हाही बरे. गम पानासारखा सतत चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा, पुन्हा थोडा चावायचा. त्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा टाळायचा, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. निकोटिन नसलेल्या गोळ्याही डॉक्टर देऊ शकतात.

ज्याला किंवा जिला तंबाखू सोडायची आहे, त्याने किंवा तिने पुढच्या तपासणीला जाताना दिवसात किती बार, किती विड्या किंवा किती वेळा मशेरी, हे कागदावर लिहून न्यावे आणि साखरेच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांपुढे ठेवावे. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर आहे. तिच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये चालते.