पॅच स्वीकारला जाईपर्यंत

लिनक्स कर्नलचा सोर्स कोड कोणीही उतरवून घ्यावा, आपल्या संगणकावर हवा तसा बदलावा. १९९२पासून तो जीपीएल परवान्याखाली असल्याने त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. तोच बदल मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स सांभाळतात त्या प्रतीत, जावा अशी इच्छा असेल तर मात्र मामला वेगळा. तिथे आत जाणारी ओळ कोणीतरी वाचून, पटवून घेऊन मगच पुढे धाडतो. लिहिणारे हजारो आणि वाचणारे थोडे, अशी तिथली स्थिती आहे. नवख्याला जाचक वाटणारे बहुतेक नियम या तुटवड्यातून आले आहेत.

बदल पाठवला जातो तो पॅचच्या रूपात. पॅच म्हणजे साधा मजकूर: काढलेल्या ओळींपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्यांपुढे अधिकचे आणि जागा ओळखू यावी म्हणून आजूबाजूच्या काही ओळी. १९९१ साली हेलसिंकीत हा प्रकल्प सुरू झाला त्यानंतर लवकरच लोक असे पॅच ईमेलने पाठवू लागले आणि ती प्रथा अजून टिकून आहे. गिटहबवर बटण दाबून ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवणाऱ्या पिढीला ती जुनाट वाटते. पण ईमेलमधल्या पॅचच्या कोणत्याही ओळीखाली शंका लिहिता येते आणि सारी चर्चा सर्वांना दिसते. मेल प्रोग्रॅमने टॅबच्या जागी स्पेस घातल्या किंवा लांब ओळ मध्येच तोडली, तर मात्र तो पॅच लावताच येत नाही. म्हणून बहुतेकजण थेट गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातूनच ईमेल पाठवतात. हे गिटही कर्नलच्याच गरजेतून जन्मले. बिटकीपर या खासगी प्रणालीचा फुकट वापर बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये ते लिहायला घेतले.

पॅच टोरवाल्ड्स यांना थेट पाठवण्यात सहसा अर्थ नसतो. कर्नलचे अनेक विभाग आहेत: नेटवर्किंग, फाइल सिस्टिम, ग्राफिक्स, नाना प्रकारचे ड्रायव्हर. प्रत्येक विभागाला मेंटेनर असतो आणि त्यांची यादी कोडसोबतच एका फाइलमध्ये मिळते. मेंटेनरला पटलेला पॅच त्याच्या शाखेत जातो, तिथून वरच्या मेंटेनरकडे आणि अखेर टोरवाल्ड्स यांच्याकडे. वर जाताना प्रत्येकजण खालच्याच्या पारखीवर भिस्त ठेवतो. इतका कोड एका माणसाने वाचणे शक्यच नाही.

कोडइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, लक्ष जाते सोबतच्या वर्णनाकडे. काय बदलले हे पॅचमध्ये दिसतेच. अडचण काय होती, कोणाला होती आणि हाच उपाय का निवडला, हे वर्णनात हवे. दुसरा दंडक असा की एका पॅचमध्ये एकच बदल असावा आणि मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बांधला गेला पाहिजे, चाललाही पाहिजे. यामागे व्यवहार आहे. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल येतात. त्यांतल्या एकाने काही बिघडवले, तर मधोमध भाग पाडत शोध घेतला जातो: अर्ध्यावरची स्थिती तपासायची, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचे, पुन्हा निम्मे करायचे. दहा हजारांतला दोषी बदल अशा चौदा चाचण्यांत सापडतो. वाटेतले पॅच अर्धवट असतील किंवा एकेकात पाच-पाच बदल कोंबलेले असतील, तर या युक्तीचा उपयोग राहत नाही.

वर्णनाच्या शेवटी पाठवणाऱ्याच्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. एससीओ कंपनीने २००३मध्ये आयबीएमवर लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून दावा लावला आणि कोणती ओळ कोठून आली हे दाखवण्याची गरज उघड झाली. पुढच्या वर्षी ही पद्धत आली. हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी ती हमी असते. निनावी योगदान चालत नाही.

पहिल्याच फेरीत पॅच घेतला गेला तर नशीबच म्हणायचे. एरवी शंका येतात, सुधारणा सुचवल्या जातात आणि दुसरी, तिसरी, कधी दहावी आवृत्ती पाठवावी लागते. उत्तरच आले नाही, तर निदान आठवडाभर थांबून आठवण करावी असा संकेत आहे. या चर्चांतली भाषा एके काळी फार तिखट असे. २०१८मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली.

विश्वासाचा गैरफायदा घेतला तर परिणाम कडक असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. एप्रिल २०२१मध्ये मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे योगदान घेणे बंद केले आणि तिथून पूर्वी आलेले पॅचही पुन्हा तपासले गेले. संशोधकांनी त्या प्रयोगावरचा निबंध मागे घेतला, पण तोवर इतरांचे बरेच तास त्यात गेले होते.

स्वीकारलेला पॅचही लगेच आत जात नाही. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ उघडते. नव्या गोष्टी तेव्हाच येतात, पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या चालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी हे चक्र पुन्हा सुरू होते. महत्त्वाच्या दुरुस्त्या जुन्या, स्थिर आवृत्त्यांमध्येही नेल्या जातात, कारण कंपन्यांचे सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन त्यांवरच चालतात. आणि आत गेलेल्या बदलामुळे वापरणाऱ्याचा आधी चालणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर चूक प्रोग्रॅमची होती ही सबब टोरवाल्ड्स सहसा ऐकून घेत नाहीत. लिहिणाऱ्याने आपला बदल दुरुस्त करायचा, नाहीतर तो काढून टाकला जातो.