लर्निंग लायसन्सची परीक्षा : घोकण्याआधी

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार या चाचणीत किमान 60 टक्के उत्तरे बरोबर हवीत. प्रश्न संगणकावर येतात आणि घड्याळ चालू असते.

सर्वाधिक गोंधळ चिन्हांचा. तो आकारावरून सुटतो. लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, गोल म्हणजे सक्ती किंवा मनाई, आयत म्हणजे नुसती माहिती. अपवाद दोनच लक्षात ठेवा : ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘रस्ता द्या’चा उलटा त्रिकोण. हे दोन्ही आदेशच आहेत. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. उत्तर सगळ्यांना येते, चौकात मात्र कुणी पाळत नाही!

‘सारथी’ पोर्टलवर आधार जोडून घरबसल्याही चाचणी देता येते. एजंटाकडून ‘उरकून’ घेण्यात काही अर्थ नाही.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते. पक्क्यासाठीची चाचणी 30 दिवसांनंतर. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा. शेजारी लायसन्सधारक शिकवणारा हवाच. दुचाकीवर मागे मित्राला बसवू नका, शिकवणारा असेल तरच चालते.