मूनब्लेड: बापाची तलवार, पण मिळेलच असं नाही

मागच्या भागात आमच्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल बोलता बोलता मी मध्येच थांबलो, आणि तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय: तुझ्या एल्फला बापाची तलवार मिळाली की नाही? सांगतो. पण ती तलवार काय प्रकार आहे हे कळल्याशिवाय त्या उत्तरात मजा नाही. म्हणून आधी मूनब्लेड.

ज्यांनी हा गेम कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि डंजन मास्टर, म्हणजे आमचा डीएम, बाकीचं अख्खं जग चालवतो. काही जोखमीचं करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस, एवढंच.

आमची गोष्ट घडते फरगॉटन रेल्म्स या जगात. एड ग्रीनवुड यांनी ते लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं आणि १९८७ मध्ये ते गेमचा भाग म्हणून छापून आलं. तिथल्या एल्फांच्या मोठ्या घराण्यांकडे मूनब्लेड नावाच्या तलवारी असतात. वाचकांपर्यंत त्या पोचवल्या एलेन कनिंगहॅम यांनी, १९९१ च्या 'एल्फशॅडो' या कादंबरीतून. नायिका एरिलिन अर्धी एल्फ, अर्धी माणूस, आणि कमरेला आईकडून आलेली मूनब्लेड.

आता आपल्याकडे खंडेनवमीला आपण शस्त्राची पूजा करतो. (मी लॅपटॉपला कुंकू लावतो, कीबोर्ड सांभाळून.) म्हणजे माणूस शस्त्राला मान देतो. मूनब्लेडचा विधी बरोबर उलटा आहे. तिथे तलवार माणसाला तपासते.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हा विधी दिलाय. तो कुठेही होत नाही. एल्फ राजाच्या दरबारात किंवा एल्फ देवांच्या मंदिरातच होतो. वारसदार तलवारीसमोर उभा राहतो. भित्रा, लहरी, भ्रष्ट किंवा एल्फांच्या भल्याच्या आड येणारा कोणी असेल तर तलवार त्याला नाकारते. घराणं बरोबर असलं तरीही. स्वीकारलं तर पात्यावर एक नवी खूण उमटते, आणि मरेपर्यंत ती तलवार तुमची.

आणि गंमत म्हणजे यात फासा नाही! दार उघडायला फासा, भिंत चढायला फासा, पण इथे नाही. तुम्ही आतापर्यंत कसे वागलात, एवढ्यावर डीएम ठरवतो. मी इंजिनिअर माणूस, मला आकडा दिसला की बरं वाटतं. इथे आकडाच नव्हता.

त्या खुणा हा मला सगळ्यात आवडलेला भाग. प्रत्येक मालकामागे एक खूण, आणि प्रत्येक खुणेमागे एक शक्ती. पहिली साधीच, तलवारीला अधिक एक. पुढच्या खुणांसाठी शंभरापर्यंतचा फासा टाकायचा. कधी नुसता फायदा वाढतो, कधी पात्यातून असा लख्ख उजेड पडतो की समोरच्याला काही दिसेनासं होतं. नव्व्याण्णव आले तर एल्फशॅडो, म्हणजे हुकूम ऐकणारी एक सावली, बोलावता येते. आधीच्या पिढीची खूण मात्र पुसता येत नाही. आमच्या कामात याला लेगसी कोड म्हणतात: आजोबांनी लिहिलेलं नातवाने चालवायचं, डिलीट करायची सोय नाही.

कनिंगहॅम यांच्या गोष्टींत हे ओझं खरोखरचं ओझं आहे. तिथे प्रत्येक मालक एक शक्ती जोडतो आणि जितक्या शक्ती वाढतात तितकं पुढच्याला ती उचलणं अवघड होत जातं. अपात्र माणसाने म्यानातून काढली तर तो जागीच मरतो. आणि का? तर या तलवारी घडवल्याच होत्या एव्हरमीट बेटाचं राजघराणं निवडायला. म्हणजे लढाई हे जोडकाम, निवड हे मूळ काम. पुस्तकाच्या नियमात ही शिक्षा बरीच मवाळ झालीय: नाकारलं तर २४ तासांचा शाप. प्रत्येक वेळी दोन फासे टाकायचे आणि कमी आलेला धरायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अकरा किंवा त्याहून जास्त हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता थेट २५ वर येते.

अजून एक. तलवारीला स्वतःचा स्वभाव आहे. ती बोलत नाही, हाताला झिणझिण्या देऊन भावना कळवते, झोपेत स्वप्नं दाखवते. आणि नियमांनी तिला एक दोषही दिलाय: फाजील आत्मविश्वास. एकदा माणूस निवडला की तो पुढे घसरला तरी तिला तोच योग्य वाटतो. लिहिणाऱ्याला मानलं आपण.

बरं, आता आमचा दरबार.

माझा एल्फ थोरला. माझ्या मैत्रिणीचं पात्र धाकटी सावत्र बहीण, आई माणसांतली, म्हणून अर्धी एल्फ. पात्यावर चार खुणा. मी पुढे झालो, कारण थोरला मीच ना! डीएमने वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी, त्या पुलावर, काय केलं होतंस?"

मंडळी, मी विसरलो होतो. पुलावर आम्हाला घेरलं होतं तेव्हा मी माझा एल्फ सोडवून पळवला होता आणि बाकीचे तिथेच राहिले होते. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं. पाच मिनिटं मी नियमांवर वाद घातला, आणि वाद घालताना मला कळत होतं की मी चूक आहे. कान तापले होते. खेळातल्या पात्राला नाकारलं म्हणून एवढं लागावं?

मग बहीण. तिला डीएमने कादंबऱ्यांतली एक अट आधीच सांगितली: तलवार घेतली तर मेल्यावर एल्फांच्या स्वर्गात जायचं नाही, आत्मा तलवारीतच राहणार. एरिलिनलाही हे नंतर कळतं. नको म्हणायची पूर्ण मोकळीक होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे बाबा आत आहेत?"

डीएमने मान हलवली.

तिने मूठ धरली. पाचवी खूण उमटली. आम्ही सगळे एल्फशॅडोच्या आशेने टेबलावर वाकलो, तिने फासे टाकले, आणि आले चौतीस. यादीतलं सगळ्यात साधं बक्षीस: फायदा आणखी एकने वाढला.

त्या रात्री छावणीवर हल्ला झाला. मी दोन-दोन फासे टाकत होतो, आणि पुढे ती उभी होती.