पाण्याची परिभाषा आणि पाण्याची बोली : शिर्डी परिसराच्या निमित्ताने

प्रास्ताविक

मागील घटकात आपण बोली, प्रमाणभाषा आणि परिभाषा यांचे परस्परसंबंध तत्त्वतः पाहिले. या घटकात तेच संबंध एका प्रत्यक्ष क्षेत्रात तपासावयाचे आहेत. त्यासाठी निवडलेला परिसर आहे अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्याचा, म्हणजे शिर्डीच्या आसपासचा; आणि निवडलेला विषय आहे पाणी. आपल्यापैकी अनेक जण शेती सांभाळून ही पदवी घेत आहेत. ज्यांनी रात्री दोन वाजता बॅटरी हातात घेऊन पाटाचे पाणी भरले आहे, त्यांना पुढील शब्दांपैकी पुष्कळ शब्द प्रस्तुत लेखकापेक्षा अधिक नेमकेपणाने ठाऊक असतील. मी भाषेचा अभ्यासक आहे, पाण्याचा नव्हे. परंतु पाण्याविषयीचे निर्णय शब्दांत लिहिले जातात आणि त्या शब्दांचा अर्थ लावण्यात झालेली चूक शेतात उभ्या पिकाला भोगावी लागते, एवढे माझ्या विषयाचे पाण्याशी नाते निश्चित आहे.

विषय-विवेचन

शिर्डी दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेली आहे. उत्तरेला कोपरगावजवळून गोदावरी वाहते, दक्षिणेला लोणी-कोल्हारच्या बाजूने प्रवरा. गोदावरीवर नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे बंधारा असून तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात; त्यांना पाणी पुरवणारे दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ चे. म्हणजे या प्रदेशातील कालव्याची भाषा शंभर वर्षांहून जुनी आहे. नदीची भाषा त्याहून कितीतरी जुनी. नदीकाठची माणसे गोदावरीला सरळ ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला ‘गंगथडी’. ‘थडी’ म्हणजे काठ. ‘भीमथडी’ या नावातही तीच.

विहिरीच्या शब्दसंग्रहापासून आरंभ करू. विहिरीची खोली येथील जुनी माणसे फुटांत वा मीटरमध्ये सांगत नसत, ‘परसा’त सांगत. परस म्हणजे पुरुष. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची हे माप. मोटेचे बैल ज्या उतारावरून जात ती ‘धाव’, मोट जेथे रिकामी होई ते ‘थारोळे’. जागा दाखवणारा तो ‘पाणाड्या’. मोट गेली, पंप आला आणि हे शब्द निरुपयोगी झाले; थारोळ्याचा दगड मात्र अनेक मळ्यांत बसण्यासाठी अद्याप वापरात दिसतो. शब्द वस्तूच्या मागोमाग जातात, हे विधान आपण भाषाविज्ञानात सहजपणे करतो. येथे एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. परसात खोली मोजणाऱ्या माणसाला विहिरीचा तळ स्वतःच्या शरीराने कळत होता. विंधन विहिरीचा तळ कोणालाच दिसत नाही. तेथे आकड्यावर विसंबावे लागते, आणि आकडा वाचणे हे भाषिक कौशल्य आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘पातळी’ हा शब्द. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ही पातळी जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर म्हणून नोंदवली जाते. नोंद सहावरून नऊ मीटर झाली, तर पाणी तीन मीटरने खाली गेले. धरणाची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मोजतात. तेथे आकडा वाढला की पाणी वाढले. एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर ‘पाणीपातळीत तीन मीटरने वाढ’ असे वाचले, तर ती आनंदाची बातमी आहे की चिंतेची, हे संदर्भावाचून ठरवता येत नाही.

तशीच गोष्ट टक्केवारीची. धरणाचा साठा टक्क्यांत सांगतात तेव्हा तो बहुधा ‘उपयुक्त साठ्या’चा असतो. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, तर उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे. त्यामुळे बातमीत ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ असे येते, त्या दिवशीही धरणात सुमारे २६ टीएमसी ‘मृत साठा’ असतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. नदीत दिवसभर अकरा-साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग चालू राहिला की साधारण एक टीएमसी पाणी पुढे जाते. हा हिशेब वहीत एकदा स्वतः करून पाहावा. मग पुराच्या बातम्या निराळ्या वाचता येतील.

आता या घटकातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. कालव्यातून वाहणारे सर्व पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचत नाही. काही हवेत जाते, काही तळातून व काठांतून जमिनीत उतरते. अभियंत्याच्या अहवालात या पाण्याचे नाव ‘गळती’ किंवा ‘वहनव्यय’ असे असते. तेच पाणी कालव्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीत उतरते, तेव्हा विहिरीचा मालक त्याला ‘पाझर’ म्हणतो. गळती म्हणजे दोष, नुकसान, थांबवण्याची गोष्ट. पाझर म्हणजे जीवनाचा आधार. मायेलाही आपण पाझर फुटतो असेच म्हणतो. पाणी एकच, परंतु दोन शब्दांनी त्याची दोन मूल्ये ठरतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. वाळूच्या गाळासारखा तो पाणी भरून ठेवत नाही. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण मर्यादित असल्याने पावसाळ्यानंतर विहिरींना आधार लागतो आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात तो आधार बव्हंशी कालवाच देतो. पाटाला आवर्तन सुटले की चार-आठ दिवसांत विहिरीचे पाणी चढते, हा तेथील नित्याचा अनुभव. म्हणूनच कालव्याच्या ‘अस्तरीकरणा’चा प्रस्ताव आला की महाराष्ट्रात अनेक ठिकाणी काठावरचे शेतकरी विरोध करतात आणि टेलचे शेतकरी पाठिंबा देतात. दोघेही आपापल्या शब्दाच्या बाजूने उभे असतात. माझ्या मते दोघेही खरे बोलतात, आणि म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात कालव्यातून झिरपलेल्या वा गळलेल्या पाण्याचा लाभ मिळणाऱ्या लगतच्या जमिनीवर पाणीपट्टी आकारण्याची तरतूद होती. म्हणजे गळती हा कोणाचा तरी लाभ आहे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले होते. आज मात्र कालव्याचे पाणी एका विभागाच्या कागदावर आणि भूजल दुसऱ्या यंत्रणेच्या, २००९ च्या स्वतंत्र भूजल अधिनियमाच्या कक्षेत आहे. जमिनीखाली अशी सीमारेषा नाही.

पाझराचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उसाला वर्षानुवर्षे अतिरिक्त पाणी दिल्याने काळ्या खोल जमिनी ‘चिबड’ झाल्या, काही ‘चोपण’ झाल्या. चिबड म्हणजे पाणी न निचरणारी आणि चोपण म्हणजे क्षाराने घट्ट बनलेली जमीन. प्रमाणभाषेतील ‘नापीक’ हा एकच शब्द हा भेद पुसून टाकतो, आणि उपाय मात्र दोहोंवर वेगवेगळे आहेत.

अर्जांच्या आणि सूचनांच्या भाषेविषयी थोडक्यात. ‘पाणी सोडण्यात येईल’, ‘मागणी अर्ज विहित मुदतीत सादर करावेत’ अशी वाक्यरचना आपण सूचनाफलकावर वाचतो. ‘-ण्यात येणे’ या प्रयोगात कर्ता लोपतो. पाणी कोण सोडणार, आणि न सुटल्यास कोणाला विचारावयाचे, हे वाक्य सांगत नाही. एका संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने सांगितलेली हकिगत येथे नोंदवतो. त्याच्या वडिलांनी पाळीची वाट पाहिली, पण सात नंबरचा अर्ज भरला नव्हता. कारण सूचनेतील ‘आवर्तन’ म्हणजेच आपली ‘पाळी’, हे त्यांना उमगले नव्हते. गहू एका पाण्यावाचून गेला. पाटकऱ्याने तोंडी सांगितले असते तर ते क्षणात समजले असते.

शेवटी ‘समन्यायी’ या शब्दाचा विचार करू. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ चा. टंचाईच्या वर्षी वरच्या व खालच्या धरणांत पाणी समन्यायाने वाटावे, हे तत्त्व त्यात आहे. त्यानुसार प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा निकष आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो आदेश कायम ठेवला. ‘समान’ म्हणजे सारखे. ‘समन्यायी’ म्हणजे गरज, तूट व हक्क पाहून न्याय्य. सभांमधून हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. २०२३ च्या नोव्हेंबरात पाणी खाली सोडले गेले, तेव्हा एका बाजूची भाषा ‘आमचे पाणी पळवले’ अशी होती आणि दुसऱ्या बाजूची ‘हक्काचे पाणी मिळाले’ अशी. त्याच्याच आधीच्या महिन्यात, २६ ऑक्टोबरला, निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले होते. १९७० पासून कागदावर असलेले हे पाणी जिरायत गावांना मिळू लागले. ‘जिरायत’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ नुसता शेती. मराठीत मात्र ‘पावसावर सोडलेली शेती’ एवढाच अर्थ उरला. निळवंड्याच्या पाण्याने ती गावे ‘बागायत’ झाली, तर शब्दाची आणखी एक पायरी आपल्यासमोर बदलेल.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील साठ वर्षांवरील दोन व्यक्ती, एक पाटकरी आणि पाणी वापर संस्थेचा एक पदाधिकारी यांच्याशी बोलावे. त्यांपैकी किमान एक स्त्री असावी. विहिरीवरून घरात पाणी आणणाऱ्या व्यक्तीचे शब्द आपल्या कोशांत कमी आले आहेत. पाण्याशी संबंधित किमान चाळीस शब्द ऐकले तसेच टिपावेत, उच्चार सुधारून लिहू नयेत. त्यानंतर आवर्तनाची एखादी छापील सूचना मिळवून ती आपल्या बोलीत, पाणी कोण सोडणार हे स्पष्ट करून, पुन्हा लिहावी आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला वाचून दाखवावी. त्याने विचारलेले प्रश्न उत्तरपत्रिकेत जोडावेत.