दिवो खय दिसलो, केदवा दिसलो?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत जाताना पाहिली. मागे शेपट्या, रंग पिवळा-तांबूस, चाल संथ. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणाला क्षेपणास्त्र वाटलं. गावोगावचे लोक सांगत होते की ते जवळच, पुढच्या शिवारात पडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात मात्र ते खरंच पडलं होतं. तिथे धातूचं भलंमोठं कडं सापडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले.

त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं. त्यामुळे त्याचाच भाग पडला असावा, असा पहिला तर्क पुढे आला. तर्क वाजवी होता, वेळही जुळत होती. पण कक्षेचं गणित मांडल्यावर वेगळाच धागा हाती लागला. अवकाशात फिरणाऱ्या वस्तूंची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिलं की चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी नेमका त्याच मार्गानं वातावरणात शिरणार होता. हे रॉकेट फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेलं. त्याचा रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि पाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रावर येऊन जळाला.

मी आंबोली परिसरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ही घटना मी मुलांना आवर्जून सांगते, कारण आकाशातल्या अनोळखी उजेडाचा छडा कसा लावायचा, ते सगळं तिच्यात आहे. पाहणारे खरं बोलत होते. त्यांचा अंतराचा अंदाज साफ चुकला होता. पटकन सुचलेलं शहाणं उत्तरही चुकीचं निघालं. आणि शेवटी उलगडा झाला तो नेमकी वेळ आणि नेमकी दिशा यांच्या जोरावर.

अंतराचा अंदाज का चुकतो, ते समजून घेण्यासारखं आहे. असे तुकडे जमिनीपासून साधारण 80 किलोमीटर उंचीवर पेटतात. इतक्या उंचीवरची वस्तू हजारेक किलोमीटरवरूनही क्षितिजालगत दिसू शकते. म्हणून एकच दृश्य चार-पाच जिल्ह्यांत दिसतं आणि प्रत्येकाला ते आपल्याच डोंगरामागे उतरलेलं वाटतं. अंधारात, एकट्या उजेडाचं अंतर मोजायचं साधन आपल्या डोळ्यांकडे नाही. जवळचा मिणमिणता दिवा आणि दूरचा प्रचंड जाळ डोळ्याला सारखेच.

आंबोलीचं आभाळ

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसलेली आहे. पावसाळ्याचे चार महिने आभाळ दिसतच नाही. धुकं दारातून घरात येतं. दिवाळीनंतर मात्र हवा निवळते आणि कावळेसाद किंवा महादेवगडाच्या बाजूला उभं राहिलं की पायाखाली अख्खं तळकोकण उघडं पडतं. या उंचीवरून क्षितिज साधारण 95 किलोमीटरवर येतं. वेंगुर्ल्याचा किनारा सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे किनाऱ्याच्या पुढे, खोल समुद्रातल्या बोटींचा उजेडही इथून दिसू शकतो. समुद्र आणि आभाळ यांची सीमा रात्री पुसली जाते, त्यामुळे पाण्यावरचा दिवा आभाळात टांगल्यासारखा वाटतो.

क्षितिजाजवळ ढगाला खालून पांढरट-निळसर उजेड लागलेला दिसला, की मुलं विचारतात, तिकडे काय आहे? बऱ्याचदा ती एलईडी दिव्यांची मासेमारी असते. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासळी एकवटायची आणि जाळ्यात घ्यायची. केंद्र सरकारनं 2017 मध्ये यावर बंदी घातली, तरी मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, तक्रार संपलेली नाही. आमच्या वर्गानं याचा पडताळा साधा ठेवला आहे. वादळाचा इशारा असला की बोटी बंदरात येतात. उजेड बोटींचाच असेल, तर अशा रात्री तो दिसता कामा नये. चुकून एकदा जुळलं म्हणून थांबायचं नाही, पुढच्या इशाऱ्यालाही बघायचं.

घाटही असाच फसवतो. खाली दाणोलीच्या बाजूनं रात्री वर पाहिलं तर घाटात चढणाऱ्या ट्रकचा दिवा डोंगराच्या काळोखात अधांतरी दिसतो. वळणावर तो विझतो, पुढच्या वळणावर दुसरीकडेच पेटतो. धुकं असेल तर दिव्याऐवजी उजेडाचा नुसता पट्टा फिरतो. ज्याला तिथे रस्ता आहे हे ठाऊक नाही, त्यानं काय समजावं?

हो दिवो आदी नाय होतो

गावातल्या एका आजोबांनी मला दक्षिणेकडे, किंचित नैऋत्येला दिसणाऱ्या एका उजेडाबद्दल सांगितलं. तो एका जागी लटकून राहतो, मोठा होत जातो, मग त्याचे दोन होतात आणि एकदम नाहीसा होतो. घरातली मुलं त्यांना म्हणत होती, ‘आजोबा, तारो असतलो.’ आजोबा ठाम होते: ‘हो दिवो आदी नाय होतो.’

आजोबांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि दिशा होकायंत्रावर पाहिली. इथून त्या दिशेला, सरळ रेषेत सुमारे 30 किलोमीटरवर, गोव्याचा मोपा विमानतळ आहे. तिथून प्रवासी विमानं जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली. आपल्या दिशेनं तोंड करून येणारं विमान डोळ्याला हलताना दिसत नाही, फक्त त्याचे उतरण्याचे दिवे प्रखर होत जातात. जवळ आलं की एकत्र दिसणारे दिवे सुटे होतात. वळलं की झोत दुसरीकडे जातो आणि आपल्यापुरता दिवा विझतो. नंतरच्या काही संध्याकाळी आजोबांच्या अंगणातच बसून आम्ही विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 वर त्यांच्या वेळा उजेडाशी ताडून पाहिल्या. जुळल्या. दिवा खरोखरच पूर्वी नव्हता. आजोबांच्या एका वाक्यात सगळ्यात महत्त्वाचा धागा होता आणि ‘तारो असतलो’ म्हणणाऱ्यांनी तोच सोडून दिला होता.

हलणारा तारा

सर्वात जास्त चकवणारा दिवा मात्र शुक्राचा. सूर्य-चंद्र सोडले तर आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी काही नसतं. तो सूर्यापासून 47 अंशांपेक्षा लांब जात नाही. त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. क्षितिजाजवळ आला की हवेच्या थरांमुळे लाल-हिरवा लुकलुकतो. शिवाय गडद आकाशात एकटाच ठिपका टक लावून पाहिला, तर तो डावी-उजवीकडे सरकल्याचा भास होतो. हा भास निरोगी डोळ्यांना, सगळ्यांनाच होतो.

तो तपासायची रीत मी मुलांकडून प्रत्यक्ष करून घेते. पडवीच्या खांबाला डोकं टेकून बसायचं. मान हलवायची नाही. ठिपका आणि विजेची तार, किंवा कौलाची कड, एका रेषेत धरायची. डोळा इकडेतिकडे भरकटला तरी तार जागची हलत नाही. शुक्र असेल तर उड्या थांबतात आणि तो संथपणे खाली उतरताना दिसतो: चार मिनिटांत साधारण एक अंश, म्हणजे हात लांब धरल्यावर करंगळीच्या रुंदीइतका. दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी तो जवळजवळ त्याच जागी हजर असतो. ही दुसऱ्या दिवसाची हजेरी हा ग्रहाचा सगळ्यात मोठा पुरावा.

ही चूक कुणाची होऊ शकते, याचं उदाहरण लडाखमध्ये घडलं. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात पँगाँग सरोवराजवळ ठाकुंग भागात आपल्या जवानांना सीमेपलीकडून येणारे उजेड वारंवार दिसले. ड्रोन असावेत असा संशय. त्यांनी 329 नोंदी केल्या. प्रकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेलं आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ते शुक्र आणि गुरू होते. आमच्या शेजारचं चौकुळ फौजींचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे मुलं ही गोष्ट कान टवकारून ऐकतात. मी त्यांना सांगते की जवानांनी आपलं काम चोख केलं होतं. पहारेकऱ्यानं जे दिसेल ते टिपायचं असतं. त्यांनी इतक्या शिस्तीनं टिपलं, म्हणून तर कोडं सुटलं.

पालखी आणि आगगाडी

कोकणात रात्रीच्या उजेडाला जुनी नावं आहेत. देवचार हा गावाचा राखणदार, हातात काठी आणि पेटती चूड घेऊन सीमेवरून फिरतो असं मानतात. दिव्यांची रांग दिसली तर ती वेताळाची पालखी. त्यामुळे अलीकडे सरळ रेषेत, समान अंतरानं, आवाज न करता जाणारे ठिपके दिसू लागले तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पालखी आठवली, यात नवल नाही.

ही रांग स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या उपग्रहांची. मे 2019 मध्ये पहिले 60 उपग्रह एकाच रॉकेटमधून सोडले गेले आणि तेव्हापासून अशा खेपा चालूच आहेत. सोडल्यानंतरचे काही दिवस ते आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग एक असतात. मग हळूहळू पांगत आणखी उंच जातात आणि रांग मोडते. त्यांना स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तिथे वर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. त्यामुळेच ते तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटे दिसतात. कधी रांग आभाळाच्या मध्यावरच एकेक करून विझते, तेव्हा ती पृथ्वीच्या सावलीत शिरलेली असते.

एका मुलीनं मला सांगितलं होतं की पुढचे दिवे ‘देवानं फुंकल्यासारखे’ एकाच ठिकाणी विझत गेले. मी सावलीचा भाग तोवर शिकवलेलाच नव्हता. तिनं जे पाहिलं ते इतकं अचूक होतं, की त्यावरूनच मी धडा सुरू केला.

पावसाळ्यात आभाळ बंद असतं तेव्हा जंगल उजळतं. आंबोलीच्या रानात ओल्या, कुजत्या लाकडावर मायसीना प्रजातीची बुरशी वाढते आणि काळोखात फिकट हिरवी दिसते. हा तिच्या पेशींतल्या रासायनिक क्रियेचा थंड उजेड. फोटोत ती झगझगीत दिसते, कारण कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवलेला असतो. डोळ्याला ती दिसायला विजेरी बंद करून काही मिनिटं अंधारात थांबावं लागतं. चढावरच्या झाडावर असा ठिपका दिसला आणि मागचा डोंगर काळोखात मिसळला असेल, तर तोही आभाळातलाच वाटू शकतो.

काय टिपायचं

उजेड दिसला की आधी घड्याळ बघावं. वेळ मिनिटापर्यंत लिहावी. दिशा ठरवायला ओळखीची खूण पुरते: देवळाचा कळस, फणसाचं झाड, टॉवर. होकायंत्र दुसऱ्या दिवशी लावता येतं. उंचीसाठी हात लांब करून मूठ धरावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ‘परातीएवढा होता’ असं लिहू नये. पूर्ण चंद्रसुद्धा फक्त अर्ध्या अंशाचा असतो, करंगळीआड सहज लपतो.

किती वेळ दिसला, हे तर फार मोलाचं. सेकंद-दोन सेकंद असेल तर बहुधा उल्का. मिनिटभर संथ जळत, तुटत गेलं तर रॉकेटचा किंवा उपग्रहाचा तुकडा. चार-सहा मिनिटांत आभाळ ओलांडलं तर उपग्रह किंवा अवकाश स्थानक. बराच वेळ थांबला तर ग्रह, समोरून येणारं विमान, बोट किंवा डोंगरावरचं वाहन. एवढं हाती आलं की स्टेलेरियम या ॲपमध्ये त्या वेळचं आकाश बघावं, हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर उपग्रहांच्या वेळा तपासाव्यात. हे सगळं साध्या मोबाइलवर होतं.

एक नियम मी वर्गात कटाक्षानं पाळते. नोंद पूर्ण होईपर्यंत कुणीही उत्तर सांगायचं नाही. ‘भूत’ म्हणायला बंदी आहे तशी ‘स्टारलिंक असेल’ म्हणायलाही. न तपासता दिलेलं शास्त्रीय नावसुद्धा नुसतं नावच असतं. त्यानं समोरच्याचं तोंड बंद होतं, शंका फिटत नाही. आमच्या वहीत काही नोंदी उत्तराविना आहेत. कुणी वेळ पाहिली नव्हती, कुणाची दिशा नक्की नव्हती. त्यांच्यापुढे आम्ही ‘माहिती अपुरी’ लिहितो. त्याचा अर्थ तिथे काही अद्भुत होतं असा नाही आणि सांगणारा खोटा होता असा तर मुळीच नाही.

रात्री अंगणात उभं राहून काहीतरी पाहिलेलं मूल सकाळी धावत येऊन सांगतं: ‘बाई, खराच बघलंय मी!’ त्या वेळी मोठ्यांनी हसून घालवलं, की ते मूल पुन्हा सांगत नाही आणि हळूहळू वर बघणंही सोडतं. घाबरवलं तर अंगणातच उतरत नाही. म्हणून माझी सगळ्या आईबापांना, आजी-आजोबांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: मुलाला आधी विचारा, खय दिसलो, केदवा दिसलो, किती वेळ होतो. मग त्याच संध्याकाळी त्याच जागी त्याच्याबरोबर जाऊन उभे राहा. उत्तर मिळेल किंवा मिळणार नाही, पण आपण पाहिलेल्या गोष्टीची चौकशी करता येते, हे त्या मुलाला कळेल. माझ्या विषयात शिकवण्यासारखं याहून मोठं काही नाही.